एकही नॉर्म नसताना दिव्या देशमुख ग्रँडमास्टर कशी झाली?

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बातुमी शहरात नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये, म्हणजे बरोबरी फोडणाऱ्या कमी वेळाच्या डावांत, हरवून महिला बुद्धिबळ विश्वचषक जिंकला आणि ती भारताची ८८वी ग्रँडमास्टर झाली. भारतीय महिलांमध्ये हंपी, द्रोणवल्ली हरिका आणि आर. वैशाली यांच्यानंतर ती चौथी. तेव्हा तिचं वय १९ होतं आणि हंपीचं ३८.

बातुमीला जाताना दिव्याकडे ग्रँडमास्टर किताबासाठी लागणारा एकही नॉर्म, म्हणजे एखाद्या स्पर्धेत त्या ताकदीने खेळल्याचा दाखला, नव्हता. विश्वचषक जिंकल्यामुळे किताब थेट मिळाला. हे ऐकून पटाशी फारसा संबंध नसलेल्यांच्या मनात शंका येते: म्हणजे नियमात सूट मिळाली का? सूट अजिबात नाही. पण ते पटायचं तर नेहमीची वाट कशी आहे, ती कुठे अडते आणि मुलींसाठी जास्त का अडते, हे आधी बघावं लागेल.

दोन अटी

ग्रँडमास्टर हा किताब जागतिक बुद्धिबळ महासंघ, म्हणजे फिडे, देते. एकदा मिळाला की तो आयुष्यभर राहतो, पुढे खेळ कितीही उतरला तरी. नेहमीच्या वाटेने जायचं तर दोन गोष्टी लागतात. क्लासिकल, म्हणजे जास्त वेळाच्या डावांचं, रेटिंग कधीतरी २५०० ला पोहोचलेलं असावं, आणि किमान २७ डावांचे नॉर्म असावेत. साधारणपणे नऊ फेऱ्यांच्या तीन स्पर्धांमध्ये तीन नॉर्म, असं ते गणित बसतं.

या अटी एकत्र पूर्ण व्हाव्या लागत नाहीत. आज नॉर्म, दोन वर्षांनी रेटिंग, असं चालतं. २५०० चा आकडा महिन्याच्या यादीत छापून यायलाच हवा असंही नाही. स्पर्धेच्या मधल्याच एखाद्या फेरीनंतर लाइव्ह (त्या क्षणाचं) रेटिंग २५०० ला टेकलं आणि शेवटच्या फेऱ्यांत पुन्हा घसरलं, तरी ते धरलं जातं.

रेटिंगचा हिशेब

रेटिंगचं सूत्र दिसतं त्यापेक्षा सोपं आहे. दोन खेळाडूंच्या रेटिंगमधल्या फरकावरून प्रत्येकाचे अपेक्षित गुण ठरतात. फरक शून्य असेल तर अपेक्षा ०.५०. फरक १०० असेल तर वरच्याकडून ०.६४, २०० असेल तर ०.७६, ४०० च्या आसपास असेल तर ०.९२. प्रत्यक्ष मिळालेल्या गुणातून ही अपेक्षा वजा करायची आणि उरलेल्या आकड्याला ‘के’ नावाच्या गुणकाने गुणायचं. तेवढं रेटिंग वाढतं किंवा घटतं.

खरी मेख या गुणकात आहे. नव्या खेळाडूसाठी पहिल्या ३० डावांपर्यंत तो ४० असतो. वय १८ पूर्ण होतं त्या वर्षाच्या अखेरपर्यंत, रेटिंग २३०० च्या खाली असेल तर, तोही ४० च. त्यानंतर २०. आणि छापील रेटिंग एकदा २४०० ला पोहोचलं की १०, मग पुढे रेटिंग घसरलं तरी १० च राहतो.

आता एक डाव घ्या. २४२० रेटिंगचा खेळाडू २२२० च्या चौदा वर्षांच्या मुलाशी खेळतोय. वरचा जिंकला तर त्याला २.४ गुण मिळतात. बरोबरी झाली तर तो २.६ गमावतो. हरला तर ७.६ जातात आणि समोरच्या मुलाला ३०.४ मिळतात. एकाच पटावर बसलेल्या दोघांचा जमाखर्च इतका वेगळा असतो. लहान मुलांचं रेटिंग भराभर चढतं आणि २४०० च्या पुढे गाडी रुतते, याचं मोठं कारण हे.

२४०० वरून २५०० ला जायला १०० गुण हवेत. गुणक १० असल्यामुळे त्याचा अर्थ होतो: अपेक्षेपेक्षा पूर्ण दहा गुण जास्त कमवायचे. प्रत्येक नऊ फेऱ्यांच्या स्पर्धेत अपेक्षेपेक्षा अर्धा गुण जास्त मिळवणारा खेळाडू सातत्याने चांगलं खेळतोय असंच म्हणावं लागेल. त्याला प्रत्येक स्पर्धेत ५ गुण मिळतील. म्हणजे २० स्पर्धा, १८० डाव, आणि त्यात एकही वाईट आठवडा येता कामा नये. प्रत्यक्षात वाईट आठवडे येतातच. दिव्याचं रेटिंग ऑक्टोबर २०२४ मध्ये २५०१ होतं आणि विश्वचषकाच्या वेळी ते २४६३ होतं. तिचा खेळ बिघडला असा याचा अर्थ नाही. या पातळीवर एवढा चढउतार नेहमीचाच आहे.

भारतात याला आणखी एक पदर आहे. इथे मुलं घरी, ऑनलाइन आणि वर्गात वर्षभर शिकतात, पण त्यांच्या वाट्याला रेटिंग स्पर्धा त्या मानाने कमी येतात. त्यामुळे कागदावर १७०० असलेला मुलगा पटावर २००० चा खेळ करतो. वरच्या खेळाडूला अशा मुलांशी खेळून रेटिंग राखणं अवघड जातं. फिडेनेही हा प्रश्न मान्य केला. १ मार्च २०२४ रोजी २००० च्या खालच्या सगळ्यांचं रेटिंग एकदाच वर उचललं गेलं: २००० पर्यंतच्या अंतराच्या ४० टक्के. १५०० चा खेळाडू एका रात्रीत १७०० चा झाला. त्याने ताण थोडा हलका झाला, पण मिटला नाही.

नॉर्म: एका स्पर्धेची परीक्षा

रेटिंग हे अनेक महिन्यांचं सरासरी चित्र. नॉर्म म्हणजे एका स्पर्धेत तुम्ही ग्रँडमास्टरच्या ताकदीने खेळलात, याचा दाखला. मुख्य अट अशी की त्या स्पर्धेतलं परफॉर्मन्स रेटिंग, म्हणजे फक्त तिथल्या निकालांवरून निघणारी पातळी, किमान २६०० हवं. म्हणजे किताबासाठी २५०० चं रेटिंग पुरतं, पण नॉर्मच्या त्या नऊ डावांत त्याहून शंभराने वरचा खेळ दाखवावा लागतो.

त्यासोबत प्रतिस्पर्ध्यांबद्दलच्या अटी येतात. त्यांची सरासरी किमान २३८० असावी. त्यातले किमान एक तृतीयांश, म्हणजे नऊपैकी तीन, ग्रँडमास्टर असावेत. किमान निम्म्यांकडे कुठला तरी किताब असावा, आणि त्यात कँडिडेट मास्टर हा खालचा किताब धरत नाहीत. सगळे आपल्याच देशाचे असून चालत नाही: स्वतःचा देश सोडून किमान दोन देशांचे खेळाडू समोर आलेले हवेत, आणि आपल्या देशाचे तीन पंचमांशापेक्षा जास्त नकोत. मोठ्या खुल्या स्पर्धेत पुरेसे परदेशी आणि किताबधारी खेळाडू असतील तर या देशांच्या अटीतून मोकळीक मिळते. दिल्ली इंटरनॅशनल ओपनसारख्या स्पर्धा भारतीय खेळाडूंना महत्त्वाच्या वाटतात त्यात हेही एक कारण आहे.

हे आकड्यांत बघू. समजा एका खेळाडूला नऊ फेऱ्यांत असे प्रतिस्पर्धी मिळाले: २०५०, २३१०, २४८०, २५५५, २४२०, २६०१, २३९०, २५१२ आणि शेवटच्या फेरीत २४६५. पहिल्या फेरीत यादीतला वरचा अर्धा भाग खालच्या अर्ध्याशी खेळतो, म्हणून तो २०५० आलेला आहे. त्याने सरासरी पार खाली जाऊ नये यासाठी नियम एकाच, सर्वांत खालच्या प्रतिस्पर्ध्याला २२०० धरायची मुभा देतो. तसं धरलं की बेरीज २१,९३३ येते आणि सरासरी २४३७.

आता फिडेचं कोष्टक: किती टक्के गुणांना सरासरीत किती मिळवायचे, ते यात असतं. नऊपैकी साडेसहा गुण म्हणजे ७२ टक्के, त्यासाठी सरासरीत १६६ मिळवायचे. २४३७ अधिक १६६ बरोबर २६०३. नॉर्म झाला.

शेवटच्या फेरीत २४६५ ऐवजी २४०० चा खेळाडू आला असता तर? सरासरी २४३०. त्यात १६६ मिळवले की २५९६. तेवढेच साडेसहा गुण, पण नॉर्म नाही. सात गुण लागले असते, कारण सात गुणांना कोष्टक २२० देतं. म्हणजे आठ फेऱ्यांनंतर सहा गुणांवर असलेल्या या खेळाडूला २४६५ समोर आला तर बरोबरी पुरते आणि २४०० समोर आला तर जिंकावंच लागतं. ही जोडी तो ठरवत नाही, जोड्या लावणारं सॉफ्टवेअर ठरवतं. आठव्या फेरीनंतर खेळाडू आणि पालक मोबाइलवर कोष्टक उघडून का बसलेले असतात, ते यावरून कळेल.

नऊ डावांसाठी ढोबळ तक्ता पाठ ठेवण्यासारखा आहे. सरासरी २३८० ते २४३३ असेल तर सात गुण हवेत, २४३४ ते २४७४ असेल तर साडेसहा, २४७५ ते २५१९ ला सहा, २५२० ते २५५६ ला साडेपाच. सरासरी जितकी तगडी, तितके गुण कमी लागतात. म्हणून सोपे प्रतिस्पर्धी मिळाले की नॉर्म शोधणारा खेळाडू खूश होत नाही.

नॉर्म हुकतो कुठे

गुण पुरेसे असूनही नॉर्म हातचा जाण्याचे प्रकार इतके नेहमीचे आहेत की प्रत्येक प्रशिक्षकाला ते तोंडपाठ असतात.

सगळ्यात जास्त वेळा तिसरा ग्रँडमास्टर भेटत नाही. आठ फेऱ्यांत दोनच भेटले आणि नवव्या फेरीत तिसरा आला नाही, तर बाकी सगळं जुळूनही उपयोग नाही. दुसरा प्रकार न खेळलेल्या डावाचा. प्रतिस्पर्धी आलाच नाही आणि गुण फुकट मिळाला, तर तो गुण स्पर्धेच्या तक्त्यात दिसतो, पण परफॉर्मन्स मोजताना तो डाव धरत नाहीत. तिसरा प्रकार खेळाडू स्वतः ओढवून घेतो. बरोबरी पुरते हे कळल्यावर तो पहिल्या चालीपासून बरोबरीसाठी खेळायला लागतो, मोहऱ्यांची मारामारी करून पट रिकामा करतो, आणि समोरच्याला विनाजोखीम दाबण्याची संधी देतो. आपला नेहमीचा ओपनिंग खेळून बरोबरी मिळवणं त्यापेक्षा कितीतरी सोपं असतं. हिशेब बरोबर करूनही डाव जातो तो असा.

यावर एक उपाय म्हणजे बंद स्पर्धा: दहा खेळाडू, प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक डाव, त्यात तीन ग्रँडमास्टर आणि पुरेसे परदेशी आधीच बसवलेले. पहिल्या दिवशीच सांगता येतं की नॉर्मला किती गुण लागतील. सर्बिया आणि हंगेरीत अशा स्पर्धा सतत चालतात आणि भारतीय मुलं तिकडे जातात ती याचसाठी. नागपूरच्याच संकल्प गुप्ताने २०२१ मध्ये सर्बियात लागोपाठ तीन स्पर्धांत २४ दिवसांत तिन्ही नॉर्म मिळवले आणि तो भारताचा ७१वा ग्रँडमास्टर झाला. तीन आठवडे सलग २६०० चा खेळ करणं ही फार मोठी गोष्ट आहे, आणि तिचं हवं तेवढं कौतुक आपल्याकडे झालं नाही असं मला वाटतं.

अशा बंद स्पर्धांवर टीकाही होते. ठरलेले प्रतिस्पर्धी, ठरलेली सरासरी, त्यामुळे नॉर्म स्वस्त होतो, असं म्हणतात. म्हणूनच अलीकडच्या नियमांत किमान एक नॉर्म मोठ्या स्विस पद्धतीच्या (दर फेरीला सारख्या गुणांच्या खेळाडूंची जोडी लावणाऱ्या) स्पर्धेतला असावा अशी अट आली आहे. ती योग्य वाटते, कारण अनोळखी, भुकेल्या खेळाडूंच्या गर्दीतून वर येणं ही वेगळीच कसोटी आहे.

मुलींची वाट जास्त का अडते

महिलांसाठी वुमन ग्रँडमास्टर हा वेगळा किताब आहे. त्याला २३०० रेटिंग आणि २४०० चा परफॉर्मन्स लागतो, म्हणजे ग्रँडमास्टरपेक्षा दोनशेने खालची पातळी. पुष्कळदा या दोन किताबांची गल्लत होते. दिव्या २०२१ मध्ये वुमन ग्रँडमास्टर झाली, २०२३ मध्ये इंटरनॅशनल मास्टर (ग्रँडमास्टरच्या एक पायरी खालचा किताब) झाली आणि २०२५ मध्ये ग्रँडमास्टर. जगात ग्रँडमास्टर झालेल्या महिलांची संख्या चाळीसच्या थोडी वर आहे.

अडचण कुठे येते, हे दिव्याच्याच एका स्पर्धेतून नेमकं दिसतं. सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टच्या बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये, म्हणजे देशांच्या संघांच्या स्पर्धेत, भारताच्या महिला संघाने पहिल्यांदाच सुवर्ण जिंकलं. तिसऱ्या पटावर दिव्याने ११ पैकी साडेनऊ गुण मिळवून वैयक्तिक सुवर्णही घेतलं. तिचं परफॉर्मन्स रेटिंग होतं २६०८. म्हणजे नॉर्मची मुख्य अट तिने ओलांडली होती. तरीही ग्रँडमास्टर नॉर्म नाही.

कोष्टक लावून बघा. ११ पैकी साडेनऊ म्हणजे ८६ टक्के, त्याला ३०९ मिळतात. २६०८ मधून ३०९ वजा केले की प्रतिस्पर्ध्यांची सरासरी २३०० च्या आसपास निघते. नॉर्मला हवी २३८०. शिवाय महिला गटाच्या तिसऱ्या पटावर पुरेशा ग्रँडमास्टर समोर येणार कुठून? जगात त्या आहेतच मोजक्या आणि बहुतेक पहिल्या-दुसऱ्या पटावर बसतात. त्याच वर्षी गांधीनगरला झालेल्या २० वर्षांखालील मुलींच्या जागतिक स्पर्धेत ती ११ पैकी १० गुणांनी जगज्जेती झाली. मुलींच्या वयोगटात ग्रँडमास्टर प्रतिस्पर्धी भेटण्याची शक्यता तर त्याहून कमी.

म्हणजे मुलगी जितकं महिला गटात खेळेल, तितकं यश मिळेल, पदकं मिळतील, बक्षिसाची रक्कमही बहुधा चांगली असेल. पण ग्रँडमास्टर नॉर्म मिळणार नाही. तो हवा तर खुल्या गटात उतरावं लागतं, तिथे सुरुवातीला हार पचवावी लागते आणि रेटिंग काही महिने खाली जाऊ शकतं. राष्ट्रीय संघातली जागा मात्र रेटिंगवर ठरते. हा पेच प्रत्येक होतकरू मुलीसमोर येतो. घरच्यांनी आणि प्रशिक्षकांनी तो वेळेत ओळखला पाहिजे. बारा-तेराव्या वर्षीच खुल्या स्पर्धांची सवय लागलेली बरी, कारण तेव्हा गुणक ४० असतो आणि गमावलेलं रेटिंग एका चांगल्या स्पर्धेत परत येतं.

बातुमीतली थेट वाट

काही मोजक्या स्पर्धा अशा आहेत की त्या जिंकल्या की किताब थेट मिळतो. त्यालाही पात्रता आहे: ग्रँडमास्टर किताबासाठी खेळाडूचं रेटिंग कधीतरी २३०० झालेलं हवं. महिला विश्वचषक ही अशीच एक स्पर्धा.

२०२५ च्या विश्वचषकात १०७ खेळाडू होत्या. बाद पद्धत, एकूण सात फेऱ्या. वरच्या २१ जणींना पहिल्या फेरीत विश्रांती होती आणि दिव्या १५वी मानांकित असल्याने ती दुसऱ्या फेरीपासून खेळली. प्रत्येक फेरीत दोन क्लासिकल डाव, एक पांढऱ्याने, एक काळ्याने. बरोबरी राहिली तर तिसऱ्या दिवशी टायब्रेक: आधी १५ मिनिटं अधिक प्रत्येक चालीला १० सेकंद असे दोन रॅपिड (जलद) डाव, आणि तरीही निकाल लागला नाही तर वेळ आणखी कमी कमी होत जाते.

नॉर्मच्या स्पर्धेत दुसऱ्या फेरीत हरलात तर सात फेऱ्या भरपाईला उरतात. बाद पद्धतीत एक सामना गेला की घरी. चौथ्या फेरीत दिव्यासमोर दुसरी मानांकित चीनची झू जिनेर होती; टायब्रेकमध्ये जिंकली. उपांत्यपूर्व फेरीत हरिका; पुन्हा टायब्रेक. उपांत्य फेरीत माजी जगज्जेती तान झोंगयी. पहिला डाव बरोबरीत, दुसरा १०१ चाली चालला आणि दिव्याने तो जिंकला. अंतिम फेरीत हंपीविरुद्ध दोन्ही क्लासिकल डाव बरोबरीत सुटले. रॅपिडचा पहिलाही बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी मोहरी होती आणि तो तिने जिंकला.

दोन ग्रँडमास्टर भारतीय, दोन चिनी दिग्गज, तीन टायब्रेक, तीन आठवडे. नॉर्मच्या कोष्टकातली कुठलीही ओळ इतकं मागत नाही. बक्षीस ५० हजार डॉलर होतं, पण खेळाच्या दृष्टीने त्याहून मोठं होतं ते महिला कँडिडेट्स स्पर्धेतलं स्थान. आठ जणींची ती स्पर्धा जिंकणारी जगज्जेतीला आव्हान देते. बातुमीतून दिव्या, हंपी आणि तान अशा तिघी तिथे पात्र ठरल्या.

२३०० आणि २५०० मधला फरक पटावर कसा दिसतो

इतके आकडे झाले, पण किताब शेवटी चालींनी मिळतो. २३०० चा खेळाडू डावपेच ओळखतो, ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या चाली) जाणतो. त्याचा डाव बिघडतो तो बहुधा तीन ठिकाणी.

पहिलं म्हणजे पाठ केलेल्या चाली संपतात ती जागा. आदल्या रात्री जोडी जाहीर झाली की प्रतिस्पर्ध्याचे जुने डाव डेटाबेसमधून काढतात, तो काय खेळतो ते बघतात आणि इंजिनच्या (बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक प्रोग्रॅमच्या) मदतीने एक ओळ तयार करतात. अठराव्या चालीपर्यंत सगळं तयारीतलं असतं. एकोणिसाव्या चालीला समोरचा काहीतरी वेगळं खेळतो आणि इथे कळतं की आपला उंट त्या घरात का ठेवला होता, हेच माहीत नाही. तयारी करताना प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन गोष्टी स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवाव्यात: कोणतं प्यादं पुढे ढकलायचं आहे आणि कोणतं मोहरं मारामारीत द्यायचं नाही. चाली विसरल्या तरी एवढं आठवतं.

दुसरं घड्याळ. ९० मिनिटं अधिक दर चालीला ३० सेकंद, ही नॉर्म स्पर्धांची नेहमीची वेळमर्यादा. ६० चालींचा डाव धरला तर प्रत्येकाला एकूण दोन तास, म्हणजे चालीला सरासरी दोन मिनिटं. पंधराव्या चालीवर २५ मिनिटं विचार करणारा खेळाडू पस्तिसाव्या चालीला ३० सेकंदांवर जगत असतो, आणि डाव नेमका तिथे निर्णायक वळणावर असतो. वेळ कुठे गेला ते कळायचं तर प्रत्येक चालीपुढे उरलेली मिनिटं चाली लिहायच्या पत्रिकेवर टिपावीत. आठ-दहा डावांच्या पत्रिका समोर ठेवल्या की सवय उघडी पडते. बहुतेकांचा वेळ अवघड चालीवर जात नाही. दोन सारख्याच चांगल्या चालींपैकी एक निवडताना तो जातो.

तिसरं एंडगेम, म्हणजे थोडीच मोहरी उरलेला डावाचा शेवट. चार तास खेळून दमल्यावर हत्ती आणि प्याद्यांचा एंडगेम येतो, आणि क्लासिकल डावांत तो सर्वांत जास्त वेळा येतो. एक उदाहरण प्रत्येकाने हातात बसवावं. समोरच्याकडे राजा, हत्ती आणि एक प्यादं, आपल्याकडे राजा आणि हत्ती. आपला राजा प्याद्याच्या वाटेत, शेवटच्या घरापाशी. फिलिडोरचा बचाव सांगतो: हत्ती प्याद्याच्या बाजूने मोजलेल्या सहाव्या रांगेत आडवा ठेवा, म्हणजे समोरच्या राजाला पुढे येता येत नाही. तो प्यादं सहाव्या रांगेत ढकलेपर्यंत हत्ती तिथेच डावीउजवीकडे हलवत राहा. प्यादं सहाव्या रांगेत आलं की लगेच हत्ती पटाच्या दुसऱ्या टोकाला, पहिल्या रांगेत न्या आणि मागून शह देत राहा. आता समोरच्या राजाला शहांपासून लपायला जागा नाही, कारण जिथे तो लपला असता तिथे त्याचंच प्यादं येऊन बसलंय. चूक एकच होते: दमलेला खेळाडू एक चाल आधी हत्ती मागे नेतो. मग राजा सहाव्या रांगेत घुसतो आणि बरोबरीचा डाव धोक्यात येतो. अर्धा गुण तिथे गेला की वरच्या उदाहरणातले साडेसहाचे सहा होतात.

स्पर्धा निवडताना

ज्यांच्या घरात २२००-२३०० चा खेळाडू आहे, त्यांनी प्रवेश शुल्क भरण्याआधी स्पर्धेची सुरुवातीची यादी नीट बघावी. वरच्या तीस-चाळीस जणांत ग्रँडमास्टर किती आहेत आणि आपल्या रेटिंगच्या खेळाडूशी त्यांची गाठ पडेल का? परदेशी खेळाडू किमान दोन-तीन देशांचे आहेत का, की एकाच देशाचे पाच जण आलेत? रोज एकच फेरी आहे की काही दिवशी दोन? दोन फेऱ्यांच्या दिवशी संध्याकाळचा डाव साधारण सातव्या तासाला थकव्यावर ठरतो, आणि लहान मुलाला तो झेपत नाही. आपण यादीच्या मध्यावर आहोत का, हेही बघावं. मध्याच्या थोडं वर असलेल्याला पहिल्याच फेरीत यादीच्या तळाचा प्रतिस्पर्धी येतो. जिंकत गेला तर दुसऱ्या-तिसऱ्या फेरीपासून तगडे खेळाडू भेटतात आणि सरासरी आपोआप चढते. अर्धा गुण गमावला की पुन्हा खालचे येतात.

स्पर्धा संपल्यावर नॉर्म झाला असेल तर हॉल सोडण्याआधी मुख्य पंचांकडून नॉर्मचा सही केलेला दाखला घ्यायचा आणि त्यातली प्रत्येक ओळ स्वतः तपासायची: प्रतिस्पर्ध्यांची नावं, देश, किताब, रेटिंग, निकाल. एखाद्याचा किताब चुकीचा पडला तर तो तिथेच दुरुस्त होतो. नंतर महासंघांमधल्या पत्रव्यवहारात महिने जातात. किताबाचा अर्ज खेळाडू थेट करत नाही, राष्ट्रीय महासंघामार्फत जातो, म्हणून तिन्ही दाखल्यांच्या प्रती आणि २५०० ला पोहोचल्याचा पुरावा एकाच ठिकाणी जपून ठेवावा.